ओळख विंगेत होते

सोलापुरातल्या एखाद्या घरात रात्री जेवताना मुलगी सांगते, "मला नाटकात काम करायचंय." वडील हातातला घास थांबवून विचारतात, "तिथं आपलं कोण आहे?"

प्रश्न चुकीचा नाही. अडत दुकानापासून वकिलीपर्यंत सगळीकडेच ओळखीवर बरंच काही चालतं. नाटक-सिनेमात जरा जास्तच चालतं, कारण इथं पदवी बघून कुणी काम देत नाही. काम तोंडोतोंडी फिरतं. 'एक मुलगी हवी आहे, गाणारी, उद्यापासून तालमीला येईल अशी,' एवढाच निरोप असतो आणि तो ज्याच्या कानावर पडतो त्याला त्या क्षणी जे नाव आठवेल ते पुढे जातं.

चूक होते ती 'आपलं कोण' याच्या अर्थात. आपल्या डोळ्यांसमोर मामा, आमदारांची चिठ्ठी किंवा दिग्दर्शकाचा मोबाइल नंबर येतो. नेटवर्किंग हा शब्द आला तोही व्हिजिटिंग कार्ड वाटणाऱ्या माणसाचं चित्र घेऊन. मराठी नाटकवाले मात्र अजून 'तू कुणाच्या ग्रुपमधला?' असंच विचारतात. त्या प्रश्नात सगळं आलं. इथल्या टिकलेल्या ओळखी बहुतेक वेळा मोठ्या माणसाशी झालेल्या नसतात. आपल्याच वयाच्या, आपल्याइतक्याच कडक्या आणि सेटचं दुसरं टोक धरणाऱ्या माणसाशी झालेल्या असतात.

स्पर्धा जिंकण्यापलीकडे

पुण्यात कॉलेजात नाटक करणाऱ्याचं वर्ष पुरुषोत्तम करंडकाभोवती फिरतं. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरासमोर 'अरे आव्वाज कुणाचा'च्या आरोळ्या सुरू झाल्या की आसपासच्या रहिवाशांना महिना कळतो.

करंडक एकाच कॉलेजला मिळतो. 2022 साली तर तो कुणालाच मिळाला नाही. परीक्षकांना एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला, पण माझ्या मते त्या वर्षीच्या मुलांचंही फार नुकसान झालं नाही. दोन महिने रात्री उशिरापर्यंत तालीम करताना कोण वेळेवर येतो, कोण भूमिका गेल्यावर रुसून घरी बसतो आणि कोण न सांगता प्रॉपर्टीची, म्हणजे प्रयोगाला लागणाऱ्या सामानाची, यादी करून ठेवतो, हे तीस जणांना पक्कं कळलेलं असतं. दहा वर्षांनी त्यातला एक मालिका लिहीत असतो, एक प्रकाशयोजना करत असतो, तिसरी एखाद्या निर्मितीसंस्थेत शूटिंगचं वेळापत्रक सांभाळत असते. माणूस हवा असतो तेव्हा त्यांना बक्षीस आठवत नाही, ती यादी आठवते.

पुण्यातलाच फिरोदिया करंडक 1974 पासूनचा. तिथं नाटकाच्या जोडीला संगीत, नृत्य, चित्रकला असं काहीही चालतं. त्यामुळे एरवी नाटकाच्या वाटेला न जाणारा तबलजी किंवा शिल्पकार तिथं नाटकवाल्यांच्या तावडीत सापडतो. मुंबईत आयएनटीची, म्हणजे इंडियन नॅशनल थिएटरची, एकांकिका स्पर्धा आहे. आणि राज्य सरकारची हौशी नाट्य स्पर्धा तर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या केंद्रांवर होते, जिथं बँकेतला कॅशियर आणि एसटीतला कंडक्टर वर्षानुवर्षं एकाच संघातून उतरतात.

'घाशीराम'ची माणसं

शेजारच्या ओळखी किती लांब जातात याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात मोठं उदाहरण 16 डिसेंबर 1972 चं आहे. त्या दिवशी भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद. नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे आणि दिग्दर्शनाला साहाय्य करत होते सतीश आळेकर. नाटक प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचं, म्हणजे पीडीएचं. भालबा केळकरांच्या या संस्थेत डॉ. श्रीराम लागूंसारखी माणसं घडली होती.

यातलं कुणी नाटकावर पोट भरत नव्हतं. पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. आगाशे मनोविकारतज्ज्ञ. आळेकर जीवरसायनशास्त्रातले. तिघांचाही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजशी संबंध. शवविच्छेदनाच्या टेबलापासून तालमीच्या हॉलपर्यंतची ही मैत्री कुणी ठरवून 'जोडलेली' नव्हती. तेंडुलकर मात्र मुंबईचे आणि तोवर मोठं नाव झालेले. त्यांच्याशी पटेलांचं नातं जुळलं तेही कामातूनच. 'घाशीराम'च्या आधी त्यांनी तेंडुलकरांचं 'अशी पाखरे येती' पीडीएसाठी बसवलं होतं. म्हणजे पहिलं नाटक नीट केलं म्हणून दुसरं मिळालं. इतका साधा हिशेब असतो हा.

पुढे वाद पेटला. नानांचं चित्रण संस्थेतल्या ज्येष्ठांना मानवलं नाही आणि 19 प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवलं. इथं ग्रुप संपायला हवा होता. बहुतेक ग्रुप याहून किरकोळ कारणानं संपतात, चहाच्या बिलावरूनसुद्धा. पण ही मंडळी एकत्र बाहेर पडली आणि 1973 मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली. 'घाशीराम' 1974 मध्ये पुन्हा उभं राहिलं आणि 1980 मध्ये युरोपचा दौराही करून आलं.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पटेलांनी पहिला मोठा चित्रपट केला तो 'सामना'. पटकथा तेंडुलकरांची, संगीत चंदावरकरांचं, पडद्यावर डॉ. लागू आणि मोहन आगाशे. 1979 च्या 'सिंहासन'ची पटकथा तेंडुलकरांची. 1982 च्या 'उंबरठा'चीही तेंडुलकरांचीच. इकडे 1974 मध्ये आळेकरांनी 'महानिर्वाण' लिहिलं आणि बसवलं, त्यात भाऊराव झालेले चंद्रकांत काळे याच ग्रुपचे. नाटकाच्या तालमीत जमलेल्या ओळखींनी दहा-बारा वर्षांत मराठी सिनेमाचा एक तुकडा उभा केला.

थिएटर अकॅडमीने आणखी एक गोष्ट केली, जिची चर्चा कमी होते. 1985 ते 1994 या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने तिने नवे नाटककार आणि महाराष्ट्रातल्या लहान गावांतले नाट्यगट यांच्यासाठी योजना चालवल्या. स्वतःचं बस्तान बसल्यावर इतरांसाठी सतरंजी अंथरणं हे आपल्याकडे दुर्मीळच.

नुसतं तालमीला बसणं

अमोल पालेकर जे. जे. कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले चित्रकार. नाटकात यायचा त्यांचा बेत नव्हता. त्यांची मैत्रीण दिग्दर्शक सत्यदेव दुबे यांच्याकडे तालीम करत असे, आणि तिची वाट बघत ते तिथं बसून राहत. एक दिवस दुब्यांनी त्यांनाच काम दिलं. तुला दुसरं काही काम नाही असं दिसतंय, असा काहीसा त्यामागचा विचार होता, असं पालेकरांनीच अनेकदा हसत सांगितलं आहे. 1971 मध्ये दुब्यांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकावर चित्रपट केला, त्यात पालेकर होते आणि छायाचित्रण होतं गोविंद निहलानींचं.

यातला नशिबाचा भाग सोडून द्या. उरतं ते एवढंच, की ते तिथं होते. रोज होते. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या प्रायोगिक नाट्यसंस्थेची चळवळ 1974 पासून चालली, तीही अशाच माणसांवर. आज काम नसताना येणाऱ्यांना उद्या काहीतरी लागतं आणि मग कुणाचा तरी हात त्यांच्याकडे वळतो.

आता तालमीला असं जाऊन बसता येतं का? व्यावसायिक नाटकाच्या तालमीत विचारल्याशिवाय नाही. प्रायोगिक गटांत अजूनही येतं. एखाद्या मित्राला विचारून जावं, मागे बसावं आणि मत विचारल्याशिवाय देऊ नये. ही तिसरी अट फार जणांना जमत नाही.

वरची ओळख कधी उपयोगी पडते

मोठ्या माणसाची ओळख निरुपयोगी असते असं म्हणणं खोटेपणाचं होईल. फक्त ती कधी होते ते बघण्यासारखं आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथं नवोदित दिग्दर्शकाचा पुरस्कार घेऊन आला. त्याचे निर्माते विवेक गोंबर. चित्रपटात बचाव पक्षाचा वकील झालेत तेच. या दोघांची गाठ पडली होती ताम्हाणेंनी बसवलेल्या एका इंग्रजी नाटकात. गोंबर त्यात नट होते. लेखक हातात काही नसताना बसलेला आहे हे त्या नटाला ठाऊक होतं, म्हणून त्यानं लिहिण्याच्या काळात पैशांची सोय केली. बडा निर्माता दारात यायची वाट बघितली असती तर 'कोर्ट' कदाचित अजून वहीतच असता.

मग 'कोर्ट'नंतर रोलेक्सच्या गुरु-शिष्य योजनेसाठी ताम्हाणेंची निवड झाली आणि मेक्सिकोचे दिग्दर्शक अल्फान्सो क्वारोन त्यांचे मार्गदर्शक झाले. क्वारोन यांच्या 'रोमा' चित्रपटाच्या चित्रीकरणाला ताम्हाणेंना हजर राहता आलं. पुढे 2020 च्या 'द डिसायपल'ला कार्यकारी निर्माते म्हणून क्वारोन यांचं नाव लागलं आणि त्या चित्रपटाच्या पटकथेला व्हेनिसमध्येच पुरस्कार मिळाला.

क्रम लक्षात घ्या. आधी शेजारचा माणूस, मग काम, मग वरचा माणूस. उलट्या क्रमानं गेलं की हाताशी एक सेल्फी उरतो.

गोव्यात 2007 पासून नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या जोडीनं भरणारा एनएफडीसीचा फिल्म बझार हा या वरच्या ओळखींचा बाजारच आहे. तिथं निर्माते आणि महोत्सवांचे निवडकर्ते भेटीच्या वेळा ठरवून बसतात. त्यासाठीही हातात पूर्ण पटकथा किंवा अर्धा झालेला चित्रपट लागतो. 'एक कल्पना आहे' एवढ्यावर तिथं कुणी पाच मिनिटं देत नाही.

व्यवस्थापक आणि फोटोग्राफर

नव्या मुलांचं सगळं लक्ष दिग्दर्शकाकडे. प्रत्यक्षात व्यावसायिक नाटकात माणसांची खबर सगळ्यात आधी असते ती व्यवस्थापकाकडे. तारखा तोच लावतो, कलाकारांची नाइट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, तोच हातात ठेवतो आणि नट आजारी पडला की बदली कोण येईल हे त्यालाच आधी सुचवावं लागतं. त्याच्या डोक्यात एक अदृश्य वही असते: हा दौऱ्यात कुरकुर करतो, ही बसमध्ये वेळेवर चढते, याला दारूचं बघावं लागतं. या वहीत नाव कसं लिहिलं जाईल हे तुमच्या वागण्यावर ठरतं, अभिनयावर नाही.

'आविष्कार' अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी अरुण काकडे यांच्याबरोबर 1971 मध्ये सुरू केली. काकडे काही गाजलेले नट नव्हते. हॉल मिळवणं, पैशांची जुळवाजुळव, प्रयोग लावणं हे त्यांचं काम. पण मुंबईत प्रायोगिक नाटक करायचं तर काकडेकाकांना भेट, हा सल्ला नटांच्या दोन-तीन पिढ्यांनी ऐकला.

मोहन वाघ यांचं उदाहरण तर फारच बोलकं. ते छायाचित्रकार. नाटकांचे फोटो काढत काढत सगळ्या कलावंतांना ओळखणारा हा माणूस पुढे 'चंद्रलेखा' या नाट्यसंस्थेचा निर्माता झाला. विंगेत कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला, तो उद्या निर्माता होईल म्हणून तेव्हा किती जणांनी चहा विचारला असेल? ज्यांनी विचारला, त्यांनी तो सहजच विचारला असणार.

मेकअप रूमच्या दाराशी

प्रयोग संपल्यावर भेटायला आत जाण्याची आपल्याकडे छान पद्धत आहे. शिवाजी मंदिर असो की बालगंधर्व, दारात रांग लागते. पण नटाच्या अंगावर घाम असतो, दुसऱ्या दिवशी पहाटे बस असते. त्या तीन मिनिटांत संहिता पुढे करणारे मी पाहिलेत. एकदा तर एकानं दिग्दर्शकाचा हात धरून आपल्या नाटकाचा पहिला अंक सांगायला घेतला होता. दिग्दर्शक सज्जन होता. दुसऱ्या अंकापर्यंत थांबला.

त्या वेळी एकच ठोस गोष्ट बोलावी. 'अप्रतिम' हा शब्द त्यांनी त्या संध्याकाळी चाळीस वेळा ऐकलेला असतो. 'दुसऱ्या अंकात तुम्ही पाणी न पिताच पेला खाली ठेवला, ते लक्षात राहिलं,' असं कुणी म्हटलं की नट मान वर करून बघतो. आपलं नाव, आपण काय करतो, एवढं सांगून निघावं. दोन-चार दिवसांनी छोटा मेसेज. उत्तर नाही आलं तर महिनाभर गप्प. 'सर, बघितलंत का?' असं दर दोन दिवसांनी विचारणाऱ्याचं नाव मोबाइलमध्ये सेव्ह होतं, पण फोन न उचलण्यासाठी.

वयानं मोठ्यांना काका, मावशी म्हणायची नाटकातली पद्धत गोड आहे. मात्र ओळख होण्याआधीच ते करू नये. 'सर', 'मॅडम' पुरेसं. काका कधी म्हणायचं ते तेच सांगतात, बहुधा दौऱ्याच्या बसमध्ये.

कागद आणि पैसे

संहिता कुणालाही देण्याआधी तिची नोंद करावी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना ती ऑनलाइन करता येते. मेलनं पाठवावी, म्हणजे तारीख राहते. हा अविश्वास नव्हे. मैत्रीत लिहिलेल्या नाटकांवरूनच सगळ्यात वाईट भांडणं झालेली आहेत, कारण मैत्री आहे म्हणून कुणी काही लिहून घेतलेलं नसतं. लेखकाचं मानधन, नाव कुठं आणि कसं लागणार, दुसऱ्या भाषेतले हक्क कुणाचे, हे चहा पिता पिता ठरवून त्याच रात्री मेलवर टाकलं तर मैत्री जास्त टिकते.

काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो तो काम देणारा नसतो. नोंदणी फी, पोर्टफोलिओ, 'ऑडिशनचा खर्च', नावं बदलतात, प्रकार तोच. मुलींना रात्री उशिरा हॉटेलात 'वाचनाला' बोलावणाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको. 2013 च्या कायद्यानं दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक आहे आणि निर्मितीसंस्था त्यातून सुटत नाहीत. समितीत कोण आहे हे पहिल्याच दिवशी विचारावं. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तेही एक उत्तरच.

वडशाचा रस्ता

हे सगळं मुंबई-पुण्यातच होतं असं मानण्याची सवय आपल्याला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला, म्हणजे वडशाला, एकदा दिवाळीच्या सुमारास जाऊन यावं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या नाट्यकंपन्यांची कार्यालयं तिथं आहेत, दारावर कलाकारांच्या चेहऱ्यांचे मोठे फलक. आसपासच्या गावांतली मंडळी येतात, मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, किंवा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्रीसाठी नाटक ठरवतात आणि बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन जातात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि हंगाम होळीच्या आसपास ओसरतो. नागपूर-मुंबईचे कलाकारही हंगामभराच्या करारावर तिथं जातात.

इथलं जाळं वेगळ्या सुतानं विणलेलं आहे. गावाला नट आवडला की पुढच्या वर्षी कंपनीला त्याच्या नावानं मागणी येते. इथं शिफारस प्रेक्षक करतो. परशुराम खुणे यांनी आयुष्यभर याच रंगभूमीवर काम केलं आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दादरला त्यांना कोण ओळखत होतं हा प्रश्न कुणी विचारला नाही, विचारायची गरजही नव्हती.

तर सोलापूरच्या त्या मुलीला एवढंच सांगायचं आहे. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तिच्या शहरातही होते. ज्या गटाचं नाटक आवडेल त्यांना प्रयोग संपल्यावर गाठावं आणि 'काही मदत हवी आहे का' असं विचारावं. पडदा पडल्यावर सेट उतरवायला माणसं नेहमीच कमी पडतात.